रक्ताच्या बाटलीवरचा रंग

रक्तपेढीतल्या रक्ताच्या पिशवीवर काय काय लिहिलेले असते, ते एकदा पाहण्यासारखे आहे. रक्तगट, आरएच, पिशवीचा क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख आणि कावीळ, एचआयव्ही, मलेरिया वगैरेंच्या चाचण्या झाल्याची नोंद. रक्त देणाऱ्याचे नाव नसते. रुग्णाच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे तेवढेच तिथे लिहायचे, असा संकेत आहे. १९४२ साली अमेरिकेत रेडक्रॉसने या माहितीत एका नोंदीची भर घातली. दाता गोरा आहे की कृष्णवर्णीय, हे टिपायचे, दोघांचे रक्त वेगळे ठेवायचे आणि त्यांच्यापासून प्लाझ्माही वेगवेगळा तयार करायचा. हेतू एवढाच, की गोऱ्या सैनिकाच्या अंगात कृष्णवर्णीय माणसाचे रक्त जाऊ नये. रेडक्रॉसची ही रक्तसंकलनाची यंत्रणा ज्यांच्या कामावर उभी राहिली होती, त्यांतले एक प्रमुख डॉक्टर स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांचे नाव चार्ल्स ड्र्यू.

ड्र्यू यांचा जन्म ३ जून १९०४ चा, वॉशिंग्टनमधला. वडील गालिचे बसवण्याचे काम करीत, आई शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली. पाच भावंडांत चार्ल्स थोरला. शहर देशाच्या राजधानीचे, पण शाळा रंगानुसार वेगळ्या. चार्ल्स ज्या डनबर हायस्कूलमध्ये शिकला ती कृष्णवर्णीयांची शाळा, आणि ती फार चांगली होती. त्याचे कारण मात्र चांगले नव्हते. उत्तम पदव्या मिळवलेल्या कृष्णवर्णीयांना विद्यापीठे नोकरी देत नसत, म्हणून अशी विद्वान माणसे शाळेत शिकवायला येत. चार्ल्स अभ्यासात बेताचा आणि मैदानावर अव्वल होता. खेळाच्या शिष्यवृत्तीवरच तो मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात गेला आणि १९२६ मध्ये पदवीधर झाला. फुटबॉल संघातला तो नावाजलेला खेळाडू होता, पण कर्णधारपद त्याला मिळाले नाही. दौऱ्यावर गेल्यावर बाकीच्या संघाला हॉटेलात प्रवेश मिळे आणि त्याला दारातूनच परतावे लागे, असेही घडले.

१९२० मध्ये त्याची बहीण एल्सी क्षय आणि इन्फ्लुएंझाने गेली होती. डॉक्टर होण्याचा विचार त्यानंतर मूळ धरू लागला असे त्याचे चरित्रकार मानतात. पैसे नव्हते. दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात त्याने खेळ आणि विज्ञान शिकवून पैसे साठवले. मग प्रवेशाची खटपट सुरू झाली. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांसाठीचे, पण इंग्रजी विषयाचे श्रेयांक कमी भरतात म्हणून तिथे नकार मिळाला. हार्वर्डने पुढच्या वर्षी या असे सांगितले. एक वर्ष थांबणे परवडणारे नव्हते. शेवटी कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने १९२८ मध्ये त्याला घेतले.

मॅकगिलमध्ये बेताच्या विद्यार्थ्याचा हुशार विद्यार्थी झाला. १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाने ड्र्यू डॉक्टर झाले. तिथेच जॉन बीटी हे ब्रिटिश प्राध्यापक त्यांना भेटले. रक्तस्रावाने आलेला शॉक आणि त्यावर रक्त देण्याचा उपाय, या विषयाची गोडी त्यांच्यामुळे लागली. रक्तगटांचा शोध लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावला होता, सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही हेही कळले होते. पण व्यवहारात रक्त देणे म्हणजे अजूनही धावपळच होती. दाता शोधायचा, तपासायचा, रुग्णाजवळ आणायचा आणि तोवर रुग्ण जिवंत राहील अशी आशा करायची. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनीही लहान गावांत ही धावपळ पाहिलेली आहे, त्यामुळे ती फार जुनी गोष्ट वाटत नाही.

माँट्रियलमध्ये दोन वर्षे काम करून ड्र्यू अमेरिकेत परतले. त्यांना शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण मोठ्या रुग्णालयात हवे होते, पण तिथली दारे बंद होती. त्याचे कारण ठरलेले असे. कृष्णवर्णीय डॉक्टरने तपासलेले गोऱ्या रुग्णांना चालणार नाही. रुग्णालयाचे स्वतःचे काही म्हणणे नसायचे, अडचण रुग्णांची असायची. त्या रुग्णांना कुणी विचारलेलेही नसे. ड्र्यू यांच्या आयुष्यात हेच कारण पुढे वेगवेगळ्या संस्थांच्या तोंडून पुन्हा येत राहते.

१९३५ मध्ये ते हॉवर्डमध्ये शिकवू लागले. फ्रीडमेन्स हॉस्पिटल हे हॉवर्डचे शिकवण्याचे रुग्णालय. यादवी युद्धाच्या काळात गुलामीतून सुटलेल्यांसाठी ते सुरू झाले होते. १९३८ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये गेले. तिथले शल्यविभागप्रमुख अ‍ॅलन व्हिपल. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची त्यांच्या नावाची शस्त्रक्रिया आजही केली जाते. इतर निवासी डॉक्टर वॉर्डात रुग्ण पाहत असताना ड्र्यू यांना मात्र प्रयोगशाळेत जॉन स्कडर यांच्याबरोबर रक्ताच्या संशोधनावर बसवण्यात आले. तिथे रुग्णांशी थेट संबंध येणार नव्हता. ड्र्यू यांना हे मान्य नव्हते. वॉर्डातले आणि शस्त्रक्रियागृहातले काम त्यांनी पुढे मागून, हक्काने मिळवले. पण प्रयोगशाळेतलेही सोडले नाही.

तिथला प्रश्न साधा दिसणारा होता. रक्त साठवले तर ते किती दिवस आणि कशा अवस्थेत टिकते? तांबड्या पेशी थंडाव्यातही हळूहळू म्हाताऱ्या होतात. त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर झिरपते. फार जुने रक्त दिले तर हे पोटॅशियम रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकते. बाटली कशी हाताळायची, किती तापमानात ठेवायची, किती दिवसांनी टाकून द्यायची, हे सारे मोजून ठरवायचे होते. ऑगस्ट १९३९ मध्ये प्रेस्बिटेरियनमध्ये प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली. तिच्या अनुभवावर आणि जगभरच्या संशोधनावर ड्र्यू यांनी साठवलेल्या रक्ताविषयी प्रबंध लिहिला. १९४० मध्ये कोलंबियाने त्यांना वैद्यकातली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ती मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी.

त्यांना रक्तपेढीचा जनक म्हणण्याची पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्येच रक्तपेढी सुरू केली होती आणि तो शब्दही रूढ केला होता. ड्र्यू यांचे श्रेय वेगळे आहे. एका रुग्णालयात जमणारी गोष्ट शेकडो ठिकाणी, हजारो लोकांच्या रक्तावर, रोज तशीच आणि सुरक्षित कशी होईल, हे त्यांनी बसवून दिले. सरकारी रुग्णालयात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे काम शोधापेक्षा कमी वाटत नाही.

त्याची कसोटी लगेच लागली. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. जखमींसाठी अमेरिकेतून प्लाझ्मा पाठवायचे ठरले. प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी आणि बाकी प्रथिने, क्षार वगैरे असतात. रक्तापेक्षा तो जास्त टिकतो, आणि अनेकांचा एकत्र केला तर रक्तगट जुळवण्याची अडचणही बहुतांशी मिटते. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांनी संकलन सुरू केले, पण प्रत्येकाची पद्धत निराळी होती आणि काही प्लाझ्मात जंतू आढळू लागले. त्या सुमारास इंग्लंडमध्ये जबाबदारीच्या जागी असलेल्या बीटी यांना आपला जुना विद्यार्थी आठवला. सप्टेंबरच्या अखेरीस ड्र्यू या मोहिमेचे वैद्यकीय संचालक झाले. सगळीकडे एकच पद्धत, एकच उपकरणे, रक्त घेणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रत्येक खेपेची मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासणी, अशी शिस्त त्यांनी लावली. जानेवारी १९४१ पर्यंत सुमारे १४,५०० लोकांनी रक्त दिले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा ब्रिटनला गेला.

मग अमेरिका स्वतःच युद्धाची तयारी करू लागली. फेब्रुवारी १९४१ मध्ये रेडक्रॉसने वाळवलेल्या प्लाझ्माचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला, तेव्हा ड्र्यू त्याचे सहायक संचालक होते. शीतपेट्या असलेल्या फिरत्या गाड्या लोकांच्या दारी नेऊन रक्त घेण्याची पद्धत याच काळातली. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवाशेजारी उभी राहणारी रक्तदानाची गाडी हे तिचेच आजचे रूप. काही आठवड्यांत ते हॉवर्डला शल्यविभागप्रमुख म्हणून परतले.

इथे एक दंतकथा बाजूला ठेवायला हवी. रक्तातल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ त्यांनी रेडक्रॉसचा राजीनामा दिला, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. तसे झाले नाही. ते गेले वसंतात, आणि आदेश आला त्यानंतर. लष्कराच्या सांगण्यावरून रेडक्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचे रक्त घेणेच नाकारले. म्हणजे ज्यांनी व्यवस्था लावून दिली, त्या ड्र्यू यांनाही तिथे रक्त देता आले नसते. गदारोळ झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये रक्त घेतले जाईल, पण वेगळे ठेवले जाईल असे जाहीर झाले.

हे अज्ञानातून घडले असते तर समजण्यासारखे होते. लष्कराच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सप्टेंबर १९४१ मध्ये युद्धखात्याला जे कळवले होते, ते उपलब्ध आहे. या वेगळेपणाला जीवशास्त्राचा पटण्याजोगा आधार नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. लोकांच्या मनाला ते महत्त्वाचे वाटते, म्हणून दोन्ही रक्ते मिसळणे इष्ट नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. डॉक्टरांना ठाऊक होते, लष्कराला ठाऊक होते, रेडक्रॉसला ठाऊक होते. तरी प्रत्येकाने लोकांचे नाव पुढे केले आणि फॉर्मवर रकाना आला. एकदा रकाना छापला की तो भरणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष असण्याची गरजच उरत नाही. तो नियमाप्रमाणे काम करत असतो.

ड्र्यू यांनी याविरुद्ध जाहीरपणे मत मांडले. माणसाच्या रक्तात वंशानुसार फरक दाखवणारा कोणताही पुरावा नाही, हे ते सर्जन म्हणून सांगत राहिले. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्यांना स्पिनगार्न पदक दिले, तेव्हाही ते यावर बोलले. रेडक्रॉसने रक्तावरची वंशाची नोंद १९५० मध्ये थांबवली. दक्षिणेतल्या राज्यांत ती कायद्याने चालूच राहिली. आर्कान्सामध्ये १९६९ पर्यंत आणि लुइझियानात १९७२ पर्यंत. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी लुइझियानात रक्ताचा रंग विचारला जात होता.

रक्तारक्तांत फरक मुळीच नसतात असे नाही. मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एक अतिदुर्मिळ रक्तगट नोंदवला. त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात आणि अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते. काही रक्तगट काही लोकसमूहांत अधिक आढळतात हेही खरे. पण हे फरक पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनांचे. ते नळीत तपासून कळतात, दात्याचा चेहरा पाहून कळत नाहीत. अमेरिकेत सिकलसेल हा वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांचा रोग म्हणून ओळखला गेला. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, हा रोग आपल्याकडच्या माणसांनाही तितकाच छळतो. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे त्याचे जनुक टिकले. त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. रंगावरून रोग ओळखायला गेलेला डॉक्टर गोऱ्या ग्रीक माणसातला सिकलसेल चुकवतो.

बाटलीवरची खूण गेली, पण असे रकाने आमच्या क्षेत्रात अन्यत्र टिकून राहिले. रक्तातल्या क्रिॲटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम मोजण्याचे सूत्र १९९९ पासून सर्वत्र वापरात होते. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणारे उत्तर त्यात सुमारे १.२ ने गुणले जाई. त्यांचे स्नायू अधिक असतात, असे गृहीत होते. परिणाम असा, की त्याच रक्ताच्या अहवालावर कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर जास्त चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागे. हा गुणक २०२१ मध्ये काढला गेला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना आदेश मिळाला, की अशा रुग्णांची प्रतीक्षायादी तपासा आणि वाया गेलेला काळ त्यांच्या खात्यात जमा करा. कोविडच्या दिवसांत आपण घरोघरी बोटाला लावलेले पल्स ऑक्सिमीटरही यातून सुटलेले नाही. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. यंत्राच्या मनात काही नव्हते. ते कोणाच्या बोटांवर तपासून पाहायचे, हे मात्र माणसांनी ठरवले होते. आपल्याकडच्या गडद कांतीच्या रुग्णाच्या बाबतीत, आकडा बरा आणि माणूस धापा टाकतो आहे असे दिसले, तर मी माणसावर विश्वास ठेवतो आणि धमनीतले रक्त तपासायला पाठवतो.

ड्र्यू यांनी उरलेली नऊ वर्षे प्लाझ्मावर घालवली नाहीत. ते शिकवत राहिले. त्यांचा हिशेब सरळ होता. गोऱ्यांची रुग्णालये कृष्णवर्णीय डॉक्टरांना शस्त्रक्रिया शिकवायला तयार नाहीत, तर फ्रीडमेन्समध्येच असे सर्जन घडवायचे की परीक्षेत कुणाला नाव ठेवता येऊ नये. १९४१ मध्ये त्यांनी स्वतः अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची परीक्षा दिली आणि पुढे तिथेच परीक्षक म्हणून काम केले. १९४१ ते १९५० या काळात या बोर्डाची मान्यता मिळवलेल्या कृष्णवर्णीय सर्जनांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झालेले होते. विद्यार्थ्यांना पुढच्या प्रशिक्षणासाठी जागा मिळाव्यात म्हणून ते देशभर पत्रे लिहीत. शिस्तीला कडक, पण विद्यार्थी घरी जेवायलाही येत. पत्नी लेनोर या आधी महाविद्यालयात शिकवत. त्यांना चार मुले होती.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनशी त्यांचा वाद याच काळातला. संघटना म्हणे, आम्ही कुणालाही वंशावरून अडवत नाही. सभासद होण्यासाठी फक्त स्थानिक वैद्यकीय मंडळाचे सभासद असावे लागते. वॉशिंग्टनचे मंडळ कृष्णवर्णीयांना घेत नसे. आणि स्थानिक मंडळांनी काय करावे हे वरून सांगणे संघटनेच्या तत्त्वात बसत नसे. दोन्ही दारांवरचे पहारेकरी एकमेकांकडे बोट दाखवत होते. यात केवळ मानाचा प्रश्न नव्हता. अनेक ठिकाणी रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा हक्क या सभासदत्वावर अवलंबून असे. म्हणजे कृष्णवर्णीय डॉक्टरचा रुग्ण गंभीर झाला की त्याला तो दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागे. संघटनेच्या शतकमहोत्सवी वर्षात, १९४७ मध्ये, ड्र्यू यांनी तिच्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून शंभर वर्षांच्या या बहिष्काराची आठवण करून दिली. नियम बदलला नाही. ड्र्यू कधीच सभासद झाले नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९५१ मध्ये त्यांना फेलो म्हणून निवडले, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झाले होते. मेडिकल असोसिएशनने कृष्णवर्णीय डॉक्टरांची माफी मागितली २००८ मध्ये.

१ एप्रिल १९५० च्या मध्यरात्रीनंतर ड्र्यू तीन डॉक्टरांना घेऊन मोटारीने अलाबामाला निघाले. टस्कीगीला दरवर्षी मोफत शिबिर भरे, तिथे जायचे होते. आदल्या दिवशी ते शस्त्रक्रियांमध्ये होते. दक्षिणेतली बहुतेक हॉटेले कृष्णवर्णीयांना खोली देत नसत, त्यामुळे रात्रभर गाडी हाकत जाणे हा नेहमीचा रिवाज होता. सकाळी नॉर्थ कॅरोलायनात चाकावर असताना त्यांचा डोळा लागला आणि गाडी उलटली. छाती चिरडली गेली होती. जवळच्या अलामान्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांना नेले. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी शिकस्त केली, पण जखमाच तशा होत्या. ४५ व्या वर्षी ते गेले.

त्यानंतर दुसरी दंतकथा जन्माला आली. रक्तपेढ्या उभारणारा हा डॉक्टर गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्यामुळे मेला, अशी. ती भाषणांत, मालिकांत, लेखांत पसरली आणि अजून ऐकू येते. सोबतच्या डॉक्टरांनी ती पुनःपुन्हा खोडून काढली. प्रयत्नांत कसूर झाली नाही, असे त्यांचे सांगणे होते. तरी लोकांनी विश्वास ठेवला, कारण तसे घडत असे हे प्रत्येक कृष्णवर्णीय कुटुंबाला ठाऊक होते. या कथेचा माग काढणाऱ्या इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांना त्याच वर्षाची एक नोंद सापडली. डिसेंबर १९५० मध्ये, त्याच जिल्ह्यातल्या रस्त्यावर, एका तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या गाडीला अपघात झाला. तो महायुद्धात लढून आलेला होता. त्यालाही आधी अलामान्स जनरलमध्येच नेले. मेंदूला मार होता, म्हणून ड्यूक विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे त्याला दाखल करून घेतले नाही. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या खाटा भरल्या होत्या. डरहॅममधल्याच कृष्णवर्णीयांच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला.